तंजावरचा राजवाडा, चौथ्या दिवसाचे तेल आणि लेकरांचा इसब

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, जुन्या कागदांविषयीच्या दोन बातम्या विज्ञानवार्तांत आल्या. केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम् मिशन'ची घोषणा झाली. देशभरातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट. पुढे काही महिन्यांनी आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी लिपीतील पानाच्या प्रतिमेवरून देवनागरी मजकूर तयार करणारी संगणकीय प्रणाली मांडली. तिच्या प्रशिक्षणासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांच्या २,०४३ प्रतिमा जमवलेल्या होत्या. या बातम्या वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला पुण्याचे पेशवे दफ्तर आठवते. परंतु मोडीचा एक मोठा ठेवा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावरात आहे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात आणि तमिळ विद्यापीठात भोसले दरबाराच्या मोडी कागदांचे रुमाल ठेवलेले आहेत. त्या कागदांत फौजेचा आणि महसुलाचा हिशेब आहे, तसाच औषधांचा आणि वैद्यांचाही आहे.

आजचा विषय मात्र राजकारणाचा नाही. तान्ह्या मुलाच्या गालावर लाल चट्टे उठतात, त्यांतून पाणी झिरपते, खपल्या धरतात, लेकरू रात्रभर खाजवते आणि घरातले कोणीच झोपत नाही. मराठीत याला इसब म्हणतात, तमिळमध्ये करप्पान, दवाखान्याच्या भाषेत एक्झिमा किंवा अटोपिक डर्मटायटिस. काही देशांत दर पाच मुलांमागे एकाला तो होतो आणि बहुतेकांत पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो. जीव सहसा जात नाही, म्हणून इतिहासकारांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. देवी, पटकी, प्लेग यांचे इतिहास लिहिले गेले; खाजेचा कोणी लिहिला नाही. तो लिहायचा झाल्यास तंजावर ही आरंभासाठी चांगली जागा आहे, असे मला वाटते.

दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, ठरावीक तनखा आणि महसुलाचा एक-पंचमांश वाटा एवढेच उरले. तलवार ठेवावी लागलेल्या या राजाने तो पैसा ग्रंथ, उपकरणे, छापखाना, शाळा आणि वैद्यक यांवर खर्च केला. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा लावाझिए, लिनियस आणि ब्युफाँ यांच्याविषयी सहज बोलणारा राजा पाहून ते चकित झाले. सरफोजींच्या 'धन्वंतरी महाल' या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करीत. तेथील औषधयोग दरबारी कवींकडून तमिळ पद्यात बांधवून घेतले गेले. 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने सरस्वती महालाने ते विसाव्या शतकात रोगवार खंडांत छापले; त्यांत गर्भिणी आणि बालरोग यांचाही एक खंड आहे.

बालसंगोपनाच्या दृष्टीने मात्र या पद्यांहून एक रुक्ष कागद मला अधिक मोलाचा वाटतो. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधल्या होत्या. कंपनीचा हात त्यांच्या उत्पन्नावर पडू नये म्हणून सरफोजींनी जानेवारी १८०१ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांना एक सविस्तर पत्र लिहिले आणि छत्रांत काय काय चालते ते सांगितले. ब्राह्मणापासून तथाकथित अस्पृश्यापर्यंत सर्वांना अन्न मिळते. रोग, सूज आणि विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले आहेत. वाटेतच बाळंत होणाऱ्या स्त्रीचा सारा खर्च छत्र करते आणि तिला तीन महिने राहू देते. परमुलखातून आलेल्या अनाथ मुलांना पंतोजींच्या हवाली केले जाते, त्यांना दिवसातून तीनदा जेवण, कपडे आणि लागेल तेव्हा औषध मिळते. आणि दर चौथ्या दिवशी त्यांना तेल लावले जाते.

आपले राज्य गेले आहे, उरलेली दानव्यवस्था तरी वाचवावी म्हणून लिहिलेल्या राजकीय पत्रात अनाथ पोरांच्या अंगाच्या तेलाचा उल्लेख करावासा वाटणे, हे त्या काळाच्या बालसंगोपनाविषयी बरेच सांगते. तेल ही चैन मानली जात नव्हती. जेवण आणि कपडा यांच्या पंक्तीला ते बसत होते.

विज्ञानाच्या वाचकाला येथे प्रश्न पडावा: त्या तेलाने इसब असलेल्या मुलाचे भले होत असेल का?

त्यासाठी त्वचेची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. भिंत धड असली की आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ, जंतू, साबण बाहेर राहतात. इसब होणाऱ्या अनेक मुलांत ही भिंत जन्मतःच कच्ची असते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिले की फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाचा इसबाशी घट्ट संबंध आहे. युरोपीय वंशाच्या सुमारे दहा टक्के लोकांत असा बिघाड आढळतो. कच्च्या भिंतीतून पाणी उडून जाते, त्वचा कोरडी पडते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते, खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबणे कठीण. तंजावरसारख्या उष्ण, दमट मुलखात घाम त्यात भर घालतो.

तेव्हा भिंतीला बाहेरून स्निग्धता देणे हा विचार चुकीचा नाही. आजच्या उपचाराचा पायाही तोच आहे. परंतु सारी तेले सारखी नसतात. गॅरी डार्मस्टॅट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत सूर्यफुलाच्या तेलाने भिंत लवकर सांधली, तर मोहरीच्या तेलाने ती सांधण्यास उशीर झाला. इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑलिव्ह तेलाने प्रौढांची निरोगी त्वचादेखील किंचित बिघडली. याचे एक संभाव्य कारण ओलेइक आम्ल, जे पेशींमधील स्निग्ध रचना विस्कटते. लिनोलेइक आम्ल मात्र त्या रचनेला उपयोगी पडते. तमिळ स्नानपरंपरेतील मानाचे तेल तिळाचे. त्यात ही दोन्ही आम्ले जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. नारळाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवडे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेलाने खनिज तेलापेक्षा सौम्य ते मध्यम इसबात अधिक सुधारणा दिसली. चाचणी लहान होती, हे लक्षात ठेवावे. तरी ज्या मुलखात महागडी मलमे परवडत नाहीत तेथे तिचे मोल आहे.

राहिले चौथ्या दिवसाचे वेळापत्रक. इसबाच्या त्वचेला चौथ्या दिवसापर्यंत थांबणे परवडत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध मलम सुचवतात, म्हणजे घरच्या डब्यातले चमचा-दोन चमचे नव्हे. दिवसातून किमान दोनदा, आणि अंघोळीनंतर अंग हलकेच टिपून लगेच. कोणते मलम, या प्रश्नावर पालक फार काळ अडून बसतात. ब्रिटनमधील ५५० मुलांवरच्या एका चाचणीने २०२२ मध्ये त्याचे उत्तर दिले: लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांत परिणामाच्या दृष्टीने कोणताही प्रकार सरस ठरला नाही. मुलाला जे रुचते आणि घराला जे परवडते ते भरपूर लावावे. सुगंधाशिवायचे असावे, इतकेच पाहावे.

आता जुन्या वैद्यकातील एका काळ्या बाजूकडे वळावे लागेल. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तान्ह्या मुलाच्या अनेक व्याधींचे मूळ 'दुष्ट स्तन्य', म्हणजे मातेचे बिघडलेले दूध, असे सांगितले आहे. हा दोष केवळ आपला नव्हे. त्याच काळात युरोपीय वैद्य बाळाच्या चेहऱ्यावरील ओल्या खपल्यांना 'दुधी खपली' अशा अर्थाचे लॅटिन नाव देत आणि दुधालाच दूषण लावीत. दोन खंडांतील विद्वानांचे एकमत झाले ते आईला दोषी धरण्यावर. ते मत अजून घरोघरी जिवंत आहे. वांगे वर्ज्य, शेंगदाणे वर्ज्य, अंडे वर्ज्य, आणि तरीही बाळाचे गाल लालच, म्हणून पुन्हा तिचेच काहीतरी चुकले असणार. स्तनदा मातेने सरसकट पथ्य धरल्याने बाळाचा इसब टळतो किंवा बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. काही मुलांना अन्नाची खरी ॲलर्जी असते. ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची असते. उलट, फाटलेल्या त्वचेवर खाद्यपदार्थ चोळणे हाच धोका असू शकतो. २००३ मध्ये गिडियन लॅक यांच्या गटाला ब्रिटिश मुलांत आढळले की शेंगदाणा तेल असलेली मलमे सुजलेल्या त्वचेला लावण्याशी पुढील शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा संबंध दिसतो. तर २०१५ च्या त्यांच्या चाचणीत, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ भरवले त्यांच्यात ती ॲलर्जी फारच कमी झाली. तोंडावाटे गेलेले अन्न शरीर ओळखीचे मानते, कातडीतून शिरलेले परके मानते, असा त्याचा ढोबळ अर्थ. आपल्याकडे बाळाला डाळीचे पीठ, दूध, साय लावून चोळण्याची हौस मोठी. इसबाच्या त्वचेपुरती तरी ती आवरावी.

पुन्हा राजवाड्याकडे. ज्या वर्षी सरफोजी गादीवर आले त्याच १७९८ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट विलन यांच्या त्वचारोगांवरील ग्रंथाचा पहिला भाग निघाला. तोवर त्वचारोगांची नावे म्हणजे गोंधळ होता. विलन यांनी पुरळ कसे दिसते, फोड की पुटकुळी की खवले, यावरून वर्ग पाडले आणि रंगीत चित्रे दिली. १८१२ मध्ये ते वारले. शिष्य थॉमस बेटमन यांनी पुढच्या वर्षी ते वर्गीकरण पूर्ण करून छापले. 'एक्झिमा' हा शब्द, ज्याचा ग्रीक अर्थ उकळून वर येणे, येथून आधुनिक वैद्यकात रुळला. चरकसंहितेतील 'विचर्चिका', खाज आणि स्राव असलेल्या काळसर पुटकुळ्या, हे त्याचेच वर्णन असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

विलन लंडनमध्ये त्वचेची चित्रे काढवून घेत होते, तसे सरफोजींचे चितारी तंजावरात डोळ्यांची चित्रे काढीत होते. सरस्वती महालातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आता प्रसिद्ध आहेत. रुग्ण कोण, डोळ्याची स्थिती काय, उपचार कोणता, परिणाम काय, आणि सोबत त्या रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र. नेत्रतज्ज्ञांनी आपल्या काळात त्यांचा अभ्यास केला आहे. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी रुग्णाची अशी सचित्र नोंद ठेवणे ही मोठी गोष्ट होती.

औषधांची पद्ये आणि रुग्णांच्या नोंदी, एकाच दरबारातील या दोन प्रकारच्या ज्ञानाकडे शेजारी ठेवून पाहावे. पद्य पाठ होते, गावोगाव जाते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. अमुक वनस्पतीचा रस, अमुक तेलात शिजवावा, अमुक व्याधी जाते. परंतु ज्या मुलाची व्याधी गेली नाही त्याला पद्यात जागा नसते. रुग्णनोंदीत ती असते.

इसबाच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण हा रोग स्वभावतःच चढतो आणि उतरतो. आई-बाप नवे औषध केव्हा आणतात? चट्टे सर्वांत वाईट झालेले असतात तेव्हा. त्यानंतर काहीही केले किंवा न केले तरी चट्टे बहुधा थोडे उतरतात. श्रेय जाते त्या आठवड्यात लावलेल्या पाल्याला, लेपाला, ताईताला. शिवाय अनेक मुले वाढत्या वयाबरोबर आपोआप बरी होतात. तेथेही शेवटचा वैद्य यशस्वी ठरतो. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागले की नाही, याचा निवाडा सोपा. खाजेचा निवाडा तुलनेशिवाय होत नाही. म्हणूनच करप्पानावर तमिळ घरांत दूर्वांच्या रसाचे 'अरुगन तैल' आजही चालते, त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही, आणि केवळ जुने म्हणून सिद्ध मानण्याचेही नाही. त्याची तुलना साध्या खोबरेलाशी करून पाहणे हाच न्याय्य मार्ग.

तुलनेची ही कसोटी आधुनिक कल्पनांनाही लागते, हे विशेष. भिंत कच्ची असेल तर जन्मल्यापासूनच मलम लावून इसब टाळता येईल, ही कल्पना इतकी सुसंगत होती की अनेकांनी ती चाचणीआधीच स्वीकारली होती. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. ब्रिटनमधील १,३९४ आणि नॉर्वे-स्वीडनमधील २,३९७ बाळांवर. रोजच्या मलमाने इसब टळला नाही. अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या स्निग्ध द्रव्यांचे तेच झाले. ४८२ मुलांवरील २०१८ च्या चाचणीत त्यांचा उल्लेखनीय उपयोग दिसला नाही. इसब झाल्यावर मलमाने त्वचा सांभाळता येते, होण्यापूर्वी लावून तो रोखता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य दवाखान्यांतही मुलांच्या वाट्याला पारा, डांबर आणि सोमल हेच येत असे. खरा पालट १९५२ मध्ये झाला, जेव्हा न्यूयॉर्कचे मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम इसबावर प्रभावी असल्याचे दाखवले. अटोपिक डर्मटायटिस हे नावही १९३३ मध्ये फ्रेड वाइज यांच्यासह सुल्झबर्गर यांनीच रूढ केले होते. तेव्हापासून स्टेरॉइड मलम हा भडकलेल्या इसबाचा मुख्य उपचार आहे, आणि आपल्या देशात त्याविषयी दोन टोकांची वृत्ती आहे. एकीकडे स्टेरॉइड म्हणताच घाबरून मलम पेटीतच ठेवणारे पालक. दुसरीकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेले मलम बाळाच्या मांडीला महिनोन्‌महिने चोळणारे. या गैरवापरामुळे त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर निर्बंध आणले.

दोन्ही टोकांना उत्तर एकच: डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचे, ठरवलेल्या दिवसांपुरते, मोजून. मोजण्याची युक्ती १९९१ मध्ये ब्रिटनमधील लाँग आणि फिनले यांनी दिली. प्रौढाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून पिळलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती प्रौढाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. बाळाची नखे कापलेली असावीत, कपडे सुती असावेत, अंघोळ कोमट आणि थोडक्यात व्हावी, हे तर आहेच. चट्ट्यांवर पिवळी खपली, पू किंवा ताप आला तर घरगुती प्रयोग थांबवून दवाखाना गाठावा. एकसारख्या लहान, खोलगट, दुखऱ्या पुटकुळ्या झपाट्याने पसरू लागल्या तर त्याच दिवशी. तो नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि लहान मुलात तो गंभीर होतो.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्याच दशकात पॅरिसमध्ये पिएर लुई रुग्णांच्या नोंदींची संख्यात्मक तुलना करून रक्तस्रावाच्या उपचाराची चिकित्सा करीत होते. तंजावरच्या नेत्रनोंदींना असा कोणी वारस लाभला नाही. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून निवर्तले आणि दरबारच संपला. ग्रंथालय वाचले, १९१८ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले.

खाजेची नोंद ठेवण्याचे साधन मात्र आता कोणत्याही घरात वापरता येते. नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पोएम' या प्रश्नावलीत सातच प्रश्न आहेत. गेल्या आठवड्यात किती दिवस त्वचेला खाज सुटली, झोप मोडली, रक्त आले, पाणी झिरपले, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले आणि त्वचा कोरडी, खरखरीत वाटली? प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरीज अठ्ठावीसपर्यंत. दोनपर्यंत त्वचा जवळजवळ स्वच्छ, तीन ते सात सौम्य इसब, आठ ते सोळा मध्यम, सतरा ते चोवीस तीव्र, त्यापुढे अतितीव्र. लहान मुलासाठी उत्तरे आई-वडिलांनी द्यायची, दर आठवड्याला एकाच वारी, आणि त्या आठवड्यात काय लावले ते शेजारी लिहून तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायचा.